रँकिंगचा बोर्ड लावू नकोस

नाशिक,
रविवार, दुपार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

वाळूजच्या प्लांटचा साहेब झालास म्हणून लिहिलेला तुझा 'पहिले शंभर दिवस' हा कागद वाचला. "आई, जन्मभर क्वालिटीत होतीस, जरा नजर टाक आणि दोन ओळी कळव," असं म्हणाला होतास. दोन ओळींत मावत नाही, म्हणून पत्र. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर कुठल्या तरी मीटिंगमध्ये बसून तू मला अंगठा पाठवला असतास आणि विषय तिथंच संपला असता.

आधी पटलेलं सांगते. रोज सकाळी पहिला तास ऑफिसात न बसता लाइनवर काढायचा, हे उत्तम. साहेबांची वेगळी जेवणाची खोली बंद करून कॅन्टीन एकच ठेवायचं, हेही उत्तम. १९८३ साली गुडगावला मारुतीची गाडी निघायला लागली तेव्हा सुझुकीच्या जपानी लोकांनी हाच आग्रह धरला होता: गणवेश सगळ्यांना एक, कॅन्टीन सगळ्यांना एक. केबिन आणि चपराशी यांची सवय असलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना ते गिळायला वेळ लागला. तुला लागणार नाही, कारण तू शाळेत असल्यापासून डबा वाटूनच खाल्लास.

बाकीच्या कागदावर मात्र माझी लाल पेन्सिल फिरली आहे. 'झिरो डिफेक्ट महिना' आणि त्याचे फ्लेक्स. सकाळच्या मीटिंगमध्ये आदल्या दिवसाच्या रिजेक्शनचा जाब. वेंडर बदलून खरेदीत बचत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाइनच्या तोंडाशी ऑपरेटरांच्या रँकिंगचा बोर्ड: वरच्या तिघांचे फोटो हिरव्या चौकटीत, खालच्या तिघांची नावं लाल अक्षरांत. तो बोर्ड कुणी सुचवला ते मला माहीत नाही. तूच सुचवला असशील तर माझी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स घरातल्या घरात वाया गेली म्हणायची.

तुला मण्यांचा खेळ सांगते. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ आपल्या चार दिवसांच्या सेमिनारमध्ये तो हटकून करून दाखवायचे. डिसेंबर १९९३ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले. जवळजवळ शेवटपर्यंत सेमिनार घेत होते. खोक्यात ४,००० मणी: ३,२०० पांढरे, ८०० लाल. पन्नास खळग्यांचं एक फावडं. समोर बसलेल्या मॅनेजर लोकांतूनच सहा जणांना 'कामगार' म्हणून उठवायचं, दोघांना इन्स्पेक्टर करायचं, एकाला चीफ इन्स्पेक्टर, एक जण हजेरीपटासारखी नोंद ठेवणार. डेमिंग स्वतः फोरमन. ते कडक आवाजात सांगत: गिऱ्हाइकाला फक्त पांढरे मणी हवेत, लाल म्हणजे रिजेक्शन. फावडं कसं बुडवायचं, किती कलतं धरायचं, सगळं ठरलेलं. त्यात कुणी आपलं डोकं चालवायचं नाही.

मग काम सुरू. एकाला सात लाल येतात, दुसऱ्याला तेरा. सातवाल्याला सगळ्यांसमोर शाबासकी आणि पगारवाढ. तेरावाल्याला, "हा बघ कसा काम करतो, तू का नाही करत?" दुसऱ्या 'दिवशी' सातवाल्याला अकरा येतात. "कौतुक डोक्यात गेलं वाटतं!" पुढं भिंतीवर घोषवाक्यं लागतात, ताकीद दिली जाते, शेवटी खालच्या तिघांना काढून वरच्या तिघांना डबल शिफ्ट दिली जाते. लाल मणी तेवढेच येत राहतात. सभागृहातले मॅनेजर आधी खो-खो हसतात, आणि मग एकेकाच्या लक्षात येतं की हे आपलंच वार्षिक अप्रेझल चाललंय.

आता हिशेब कर, तुला येतो. पन्नासातले वीस टक्के म्हणजे सरासरी दहा. प्रमाण विचलन ५० गुणिले ०.२ गुणिले ०.८ याचं वर्गमूळ, म्हणजे साधारण २.८. त्याची तिप्पट दोन्ही बाजूंना धरली तर मर्यादा येतात दीड आणि साडेअठरा. म्हणजे एकाला चार लाल आले आणि दुसऱ्याला सोळा आले, तरी कामगार म्हणून त्या दोघांत काडीचा फरक नाही. चार आणि सोळा हे दोन्ही आकडे खोक्यातूनच आलेले आहेत.

तुझ्याकडे समजा चोवीस ऑपरेटर आहेत आणि चोवीसही सारखेच हुशार आहेत. तरी दर महिन्याला कुणी तरी चोविसावा येणारच. त्याचं नाव लाल अक्षरात लागेल, पोरगं रात्री घरी जाऊन जेवणार नाही. पुढच्या महिन्यात तो बहुधा वर सरकेल, कारण वाईट योगायोग सहसा लागोपाठ येत नाही. आणि जो पहिला होता तो बहुधा खाली येईल. फ्रान्सिस गाल्टननं एकोणिसाव्या शतकात आईबाप आणि मुलांच्या उंचीचे तक्ते मांडून हे सरासरीकडे परतणं दाखवून दिलं होतं. पण बोर्डासमोर उभा असलेला साहेब त्यातून काय शिकतो? की ज्याला झापलं तो सुधारला आणि ज्याला गौरवलं तो बिघडला. चार-सहा महिन्यांत तुझी खात्री पटेल की झापणं हेच औषध. असे पक्के खात्री पटलेले साहेब मी पुष्कळ पाहिले. माणसं वाईट नव्हती, आकडे वाचायला कुणी शिकवलं नव्हतं एवढंच.

आणि लाल मणी खोक्यात टाकले कुणी, हे विचारायला हवं ना? लोखंडी बारचा मालच कडक-मऊ येत असेल तर तो खरेदीनं घेतला. मशीनच्या फिरत्या दांड्याला, स्पिंडलला, ढिलेपणा असेल आणि मेंटेनन्सला मशीन मिळत नसेल तर ते प्लॅनिंगनं ठरवलं. कंत्राटी मुलं सात महिन्यांनी बदलायची, म्हणजे हात बसतो न बसतो तोच दुसरा आणायचा, हे एचआरनं ठरवलं आणि तुझ्याआधीच्या साहेबानं त्यावर सही केली. डेमिंग यांचा अंदाज होता की शंभरातल्या चौऱ्याण्णव अडचणी व्यवस्थेच्या असतात, म्हणजे व्यवस्थापनाच्या अखत्यारीतल्या. चौऱ्याण्णव की अठ्ठ्याऐंशी यावर मी भांडणार नाही. पण तुझा बोर्ड उरलेल्या सहांसाठी आहे आणि तुझा पगार चौऱ्याण्णवांसाठी आहे.

सकाळच्या मीटिंगचंही असंच. मी नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. कारखान्याचं नाव राहू दे. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारे, लेथ नव्यानंच आले होते आणि एका मशीनवर बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाचा, साइज फार हलत होता. ऑपरेटर कामचुकार म्हणावा तर उलट: प्रत्येक पीसला बोअर गेज लावायचा, चार मायक्रॉन मोठा निघाला की चारनं ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा) कमी करायचा, तीन लहान निघाला की तीननं वाढवायचा. दिवसभर मान वर न करता हेच. मी त्याला म्हटलं, "एक शिफ्ट ऑफसेटला हात लावू नका, नुसते आकडे लिहा." तो तयार होईना. "मॅडम, साहेबांनी सांगितलंय, प्रत्येक पीस सेंटरला पाहिजे. ऑफसेट नाही दिला तर म्हणतील झोपला होता." शेवटी सुपरवायझरची सही घेऊन मी तो प्रयोग केला. साइजचा पसारा लगेच आटला.

यात जादू नाही, हे तुला बारावीच्या गणितातही सिद्ध करता येईल. मशीनचा स्वतःचा जो सहज हेलकावा असतो, त्याच्या प्रत्येक हेलकाव्याला तू उलटं उत्तर देत राहिलास तर व्हेरियन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, दुप्पट होतो. पसारा सुमारे एक्केचाळीस टक्क्यांनी वाढतो. डेमिंग हेच टेबलावर नरसाळं आणि गोटी घेऊन दाखवायचे.

आता तुझी मीटिंग. काल रिजेक्शन २.१ टक्के, आज २.६. "अर्धा टक्का का वाढलं? कारण सांगा." खरं उत्तर बहुतेक वेळा असं असतं की काही कारण नाही, ही प्रक्रिया दीड ते तीनच्या मध्ये हलतेच. पण हे उत्तर देण्याची हिंमत कुणात नसते, म्हणून क्वालिटीवाला एक कारण तयार करतो, प्रॉडक्शनवाला दुसरं, 'कापा'चा, म्हणजे सुधारक उपायांचा, फॉर्म भरला जातो, फीड बदलला जातो, टूल लवकर काढलं जातं. उद्या १.९ आलं की सगळे म्हणतात, उपाय लागू पडला. तुझा सगळा स्टाफ रोज सकाळी नऊ वाजता त्या ऑपरेटरसारखा ऑफसेट फिरवत बसेल, आणि ते तुझ्या सांगण्यावरून.

कुठल्या आकड्यावर उठायचं आणि कुठल्यावर बसून राहायचं, एवढं कळण्यासाठी वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं बेल टेलिफोनच्या कामात असताना, १६ मे १९२४ रोजी, आपल्या साहेबाला एका पानाचं टिपण पाठवलं. त्या पानावर पहिला कंट्रोल चार्ट होता. मधली रेघ, वरची मर्यादा, खालची मर्यादा. ठिपका मर्यादेच्या आत आणि ठिपक्यांना काही ठरावीक चाल नाही, तर त्या एका ठिपक्याचं कारण शोधत फिरू नका. आकडा कमी हवा असेल तर सगळी प्रक्रियाच बदला. ठिपका बाहेर गेला तर त्याच क्षणी धावा, कारण काही तरी वेगळं घडलंय. शंभर वर्षं झाली त्याला. तुमच्या लाइनवर एक्स-बार आर चार्ट, म्हणजे सरासरीचे आणि पसाऱ्याचे कंट्रोल चार्ट, लावलेले असतीलच, ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेननं भरलेले. ते चार्ट खरे भरले जातायत का हे पाहणं तुझ्या सगळ्या फ्लेक्सपेक्षा मोलाचं आहे.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण पुणे विद्यापीठात शिकत असल्यापासून ती माझ्या डोक्यात आहे. हेच शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले होते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटनं बोलावलं होतं. कारखान्यांतून फिरले, व्याख्यानं दिली. डेमिंग यांची जपानमधली गाजलेली व्याख्यानं १९५० ची. म्हणजे मूळ गुरू आपल्या अंगणात आधी येऊन गेला. पुढे इन्स्टिट्यूटनं मुंबई, कलकत्ता, बंगळूर इथं क्वालिटी कंट्रोलची केंद्रं काढली, फार चांगली माणसं तयार केली. मग आपण मागं का राहिलो?

एक उत्तर सोपं आहे. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत होते, तिथं इंजिन किती गळतं याची मालकाला काय पडली होती! पण दुसरं उत्तर तुझ्या कामाचं आहे. जपानमध्ये काय झालं ते बघ. युद्धाच्या काळात अमेरिकेत हजारो इंजिनिअरांना हे तंत्र शिकवलं गेलं होतं, आणि युद्ध संपल्यावर ते विरून गेलं. डेमिंग यांच्या मते कारण एकच: शिकले ते इंजिनिअर, मालकांना त्यातलं काही कळलंच नव्हतं. म्हणून जपानच्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेनं त्यांना बोलावलं तेव्हा त्यांना आठ दिवसांचा अभ्यासक्रम शिकवून परतायचं नव्हतं, कंपन्यांचे अध्यक्ष समोर हवे होते. इचिरो इशिकावा हे त्या संघटनेचे प्रमुख आणि उद्योगपतींच्या महासंघाचेही प्रमुख. त्यांनी निरोप धाडला आणि देशातले मोठमोठे कारखानदार येऊन बसले. त्या व्याख्यानांच्या पुस्तिकेचं मानधन डेमिंग यांनी घेतलं नाही; त्यातूनच १९५१ साली गुणवत्तेसाठीचं डेमिंग पारितोषिक सुरू झालं. १९५४ मध्ये गुणवत्तेचे दुसरे अमेरिकन जाणकार जोसेफ जुरान जपानला गेले, तेही वरच्या लोकांशीच बोलले. आपण हे शास्त्र संख्याशास्त्रज्ञांच्या टेबलावर ठेवलं, त्यांनी ते मालकाच्या टेबलावर ठेवलं. हे माझं मत आहे, कुणी मान्य करो न करो. माझ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य होतं, "ते क्वालिटीवाल्या मॅडमना विचारा."

आयएसओ ९००१ चंच बघ ना. १९८७ साली गुणवत्ता व्यवस्थापनाचं हे मानक आलं. पुढे आपल्याकडे प्रत्येक कारखान्यात एक 'एम.आर.' नेमला गेला, मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह. प्लांट हेडचं काम काय, तर सर्टिफिकेट आलं की फोटोत मधोमध उभं राहायचं. २०१५ च्या आवृत्तीत त्यांनी एम.आर. नेमण्याची सक्तीच काढून टाकली आणि नेतृत्वाच्या कलमात जबाबदारी थेट वरिष्ठांवर टाकली. सात तत्त्वं तुला पाठ असतील: ग्राहक, नेतृत्व, माणसांचा सहभाग, प्रक्रिया, सुधारणा, पुराव्यावर निर्णय, संबंधितांशी नातं. मुलाखतीत म्हणूनही दाखवली असशील. माझ्या अनुभवात त्यातलं दुसरं, नेतृत्व, नीट नसलं तर बाकीची सहा फायलीत राहतात. तुझ्या कागदावर 'क्वालिटी' या रकान्यात जबाबदार व्यक्ती म्हणून क्वालिटी हेडचं नाव आहे. ते खोड, तिथं तुझं लिही.

आता फ्लेक्स. झिरो डिफेक्टची कल्पना फिलिप क्रॉस्बी यांनी १९६० च्या दशकात क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या मार्टिन कंपनीत रुजवली, आणि ते गृहस्थ मूर्ख नव्हते. पण आपल्याकडे त्यातलं फक्त बॅनर आलं. झिरो डिफेक्ट म्हणजे व्यवहारात काय, तर माप ड्रॉइंगच्या आत. ऐंशीच्या दशकात फोर्डचा एक गिअरबॉक्स अमेरिकेत फोर्ड स्वतः बनवत होती आणि तोच, त्याच ड्रॉइंगवर, जपानमध्ये माझदा बनवत होती. माझदाचे कमी बिघडायचे, कमी आवाज करायचे. म्हणून दोन्हीकडचे उघडून मोजले. दोन्हींचे भाग टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, आतच! फरक एवढाच की फोर्डच्या भागांनी टॉलरन्सची बरीचशी पट्टी व्यापली होती आणि माझदाच्या भागांनी मधला थोडासा तुकडा. असं सांगतात की माझदाचे आकडे इतके सारखे येत होते की मोजणाऱ्याला आपलं गेजच अडकलंय असं वाटलं. दोन्ही कारखाने आपापल्या दारावर 'झिरो डिफेक्ट' लावू शकले असते. गिऱ्हाइकाला फरक मात्र रस्त्यावर कळत होता.

डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांत एक मुद्दा घोषवाक्यं काढून टाका असा आहे आणि दुसरा भीती घालवून द्या असा. हे दोन एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. 'झिरो' लिहिलेल्या फ्लेक्सखाली उभं राहून पोरगं कसं सांगेल, की साहेब, माझ्याकडून चाळीस पीस खराब गेलेत, पेटीत मिसळलेत? तो गप्प बसेल. पेटी पुण्याला जाईल, तिथल्या लाइनवर सापडेल, आणि मग तुझी चार माणसं त्यांच्या गोडाऊनमध्ये रात्रभर सेग्रिगेशन, म्हणजे चांगले-खराब पीस वेगळे, करत बसतील.

हे छोट्या कारखान्यांतच होतं असं समजू नकोस. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्याच घरातल्या दाइहात्सुला आपल्या सगळ्या गाड्यांची रवानगी थांबवावी लागली. सुरक्षा चाचण्यांत वर्षानुवर्षं फेरफार चालले होते. सगळ्यात जुनं प्रकरण १९८९ पर्यंत मागं गेलं. बाहेरच्या समितीनं चौकशी केली. लोभी इंजिनिअर सापडले नाहीत. सापडलं ते जीवघेणं वेळापत्रक आणि 'जमणार नाही' हे वर सांगायची सोय नसणं. समितीनं बोट ठेवलं ते व्यवस्थापनावर. जिथं हे सगळं शास्त्र वाढलं त्या देशात, त्या घराण्यात हे घडतं, मग वाळूजमध्ये घडणार नाही असं कशावरून?

उलटं उदाहरणही टोयोटाचंच आहे आणि ते मला फार आवडतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. अमेरिकेतले सर्वांत वाईट कामगार इथले, अशी कंपनीतच ख्याती. दर पाच माणसांत एखादा गैरहजर, कामावर दारू, बिनपरवाना संप, चिडून गाड्यांत केलेले खोडसाळपणे. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सनी भागीदारीत तोच पुन्हा उघडला, नम्मी या नावानं. युनियन तीच, कामगारही बहुतांश तेच. शेकडो जणांना जपानला नेऊन काम दाखवून आणलं. आणि लाइनच्या कडेनं एक दोरी बांधली. पूर्वी तिथं नियम होता की काहीही झालं तरी लाइन थांबता कामा नये. चुकीचं इंजिन बसलं तरी गाडी पुढं सरकायची, मागाहून दुरुस्त करू. आता कुठल्याही कामगारानं अडचण दिसताच दोरी ओढायची. दोरी ओढली की टीम लीडर धावत यायचा आणि पहिलं वाक्य असायचं, काय मदत करू? वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबायची. थोड्याच काळात त्या गाड्या जपानमधल्या टोयोटाच्या तोडीच्या निघू लागल्या आणि गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली.

खोक्यातले मणी बदलले, माणसं तीच. कुणी म्हणालं की हे सगळं जपानी माणसालाच जमतं, तर त्याला फ्रीमाँट सांग. आणि परदेश नको असेल तर चेन्नईची सुंदरम-क्लेटन सांग, १९९८ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळवणारी पहिली भारतीय कंपनी. किंवा महिंद्राचा ट्रॅक्टर विभाग, २००३. ते ट्रॅक्टर कांदिवलीत आणि नागपुरात बनत होते, आपल्याच माणसांच्या हातून.

गोष्टीचा पुढचा भाग तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. जनरल मोटर्सनं फ्रीमाँटला आपले मॅनेजर शिकायला पाठवले, मग दुसऱ्या कारखान्यांतही दोरी बांधली. तिथं कुणी ओढली की साहेब तडकत, कारण त्यांचा बोनस गाड्यांच्या संख्येवर होता. लोकांनी ओढणं सोडलं. दोरी लटकत राहिली. तू लाइनवर अँडनचे, म्हणजे अडचण आली की लागणारे, दिवे लावणार आहेस असं लिहिलंयस. दिव्यांचा खर्च किरकोळ आहे. पहिला लाल दिवा लागेल, तोही महिनाअखेरीला डिस्पॅच अडकलेला असताना, तेव्हा तुझ्या तोंडून जे वाक्य निघेल ते सगळ्या प्लांटमध्ये शिफ्ट संपायच्या आत पोचलेलं असेल. तेव्हा काय म्हणायचं हे आत्ता ठरवून ठेव.

वेंडरबद्दल थोडक्यात, कारण ते तुलाही मनातून माहीत आहे. फक्त भाव बघून माल घेऊ नका, हाही डेमिंग यांचा मुद्दा. दीड रुपयानं स्वस्त फोर्जिंग (ठोकून घडवलेला भाग) घेशील आणि त्याचा हार्डनेस हलता निघाला की टूल, वेळ आणि रिजेक्शन मिळून तीन रुपये जातील. फक्त ते खरेदीच्या हिशेबात न दिसता मशीन शॉपच्या माथी बसतील. खरेदीच्या माणसाला बक्षीस कशावर मिळतं ते आधी विचार. बचतीवर मिळत असेल तर त्याला दोष देऊ नकोस.

आणि पारितोषिकांच्या, सर्टिफिकेटांच्या नादी फार लागू नकोस, हे लिहिताना मला जरा हसू येतंय, कारण माझ्या कपाटात अजून ती पदकं आहेत. फ्लोरिडा पॉवर अँड लाइट ही जपानबाहेरची पहिली कंपनी, जिला १९८९ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळालं. त्यासाठी इतके तक्ते, इतके अहवाल, इतकी सादरीकरणं झाली की नवा प्रमुख आला तेव्हा लोकांनी त्याच्याकडे तक्रार केली ती या कागदांच्या ढिगाचीच. मूळ काम करायला वेळ उरत नाही म्हणून. त्यानं तो सगळा डोलारा बराचसा उतरवून टाकला. तुझ्या शंभर दिवसांत मी नव्या रिपोर्टांची यादी पाहिली. प्रत्येक नव्या रिपोर्टासाठी एक जुना बंद कर, आणि जो बंद केल्यावर कुणीच विचारलं नाही तो पुन्हा चालू करू नकोस.

मग पहिल्या आठवड्यात करायचं काय, असं विचारशील. एक लाइन धर, सगळा प्लांट नको. सगळ्यात जास्त रीवर्क जिथं होतं ती. तिथल्या सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, आणि रात्रपाळीच्या इन्स्पेक्टरला विचार की तुमच्या वाटेत काय काय येतं. ते लगेच बोलणार नाहीत. मागच्या साहेबांनी विचारून काय केलं हे त्यांच्या लक्षात असतं. म्हणून त्यांनी सांगितलेल्यातली एक छोटी गोष्ट त्याच आठवड्यात करून दाखव. गेज झिजलंय म्हणाले तर नवं गेज आण. दिवा अंधुक आहे म्हणाले तर दिवा बदल. मोठं सांगायला ते मग आपणहून येतील. आणि त्यांनी सांगितलेलं मीटिंगमध्ये त्यांचं नाव घेऊन कुणाच्या अंगावर फेकू नकोस, नाहीतर ती शेवटची बातमी ठरेल.

बोर्डाची ऑर्डर गेली असेल तर रद्द कर, ॲडव्हान्स बुडाला तर बुडू दे. बोर्ड आलाच असेल तर त्यावर त्या लाइनच्या अडचणी लिहा, समोर कुणी सोडवायची त्याचं नाव. पहिली काही नावं तुझी स्वतःची असू देत.

बाबा म्हणतायत, लेकरू नुकतंच साहेब झालंय, त्याला एवढं कशाला झोडपतेस. त्यांना सांगितलं, झोडपत नाहीये, प्रक्रिया दुरुस्त करतेय. त्यांना ते पटलेलं नाही. तुझ्यासाठी डिंकाचे लाडू कुरिअरनं पाठवायचं चाललंय त्यांचं, पत्ता क्वार्टरचा द्यायचा की प्लांटचा ते त्यांना कळव.

आणि मला त्या एका लाइनची रिजेक्शन पाठव, पहिल्या महिनाभराची. महिन्याची सरासरी काढून नको, एक्सेलमध्ये रंग भरून नको. रोजची, शिफ्टवार, मशीनवार, जशी नोंदवली तशी. खाडाखोड असेल तर तीही असू दे. चार्ट मी इथं हातानं काढते आणि मर्यादा घालून परत पाठवते. कुठल्या ठिपक्यावर उठायचं ते मग आपण फोनवर बोलू, संध्याकाळी आठनंतर कर, दुपारी मी झोपते.

तुझी,
आई